दुपारी पाहिलेला माणूस

आमच्या दवाखान्यात बाकीच्या डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथॉस्कोप असायचा, या एका डॉक्टरांच्या गळ्यात शिंप्याचा टेप. पिवळा, टोकाला पत्र्याची पट्टी असलेला, घामानं आकडे पुसट झालेला. स्टेथॉस्कोप त्यांच्याकडंही होता, पण तो पँटच्या खिशात रुमालासारखा कोंबलेला. लातूरच्या गंजगोलाईत भाजी घ्यायला निघाले की एखादी बाई हमखास विचारायची, "मास्तर, माजं पोलकं कवा देताव?" आणि हे जराही न चिडता सांगायचे, "मंगळवारी." मंगळवारी त्या बाईचं काय व्हायचं ते मला कधी कळलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्या शोधत फिरत होत्या. रबरी शिक्क्यांवरचं उस्मानाबादचं नाव ब्लेडनं खरवडून काढलेलं, त्यामुळं आमच्या कागदांवर 'जिल्हा' या शब्दापुढं नुसताच एक काळा डाग उमटायचा. मी भोकरकडचा, नांदेडात एक्स-रेचं काम शिकलेला. नवा जिल्हा, नव्या जागा, म्हणून मला इथं नोकरी लागली. मशीन जुनं होतं आणि त्याहून मोठी पंचाईत पाण्याची होती. फिल्म धुवायला पाणी लागतं, आणि पाऊस हात आखडून बसलेला. माझ्या अंधारखोलीतल्या पिंपाला मी कुलूप घालून ठेवायचो आणि सगळा स्टाफ त्या पिंपाकडं डोळे लावून असायचा.

त्यात हे डॉक्टर. येईल त्या माणसाच्या कमरेचा फोटो काढायला सांगायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "साहेब, एका कमरेला माझ्या दोन बादल्या जातात." दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरियरवर घरच्या दोन भरलेल्या बादल्या बांधून हजर. वाटेत निम्मं पाणी सांडलेलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती स्वतः दवाखान्यात आल्या, कुणाशी एक शब्द न बोलता बादल्या उचलल्या आणि गेल्या. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "एक्स-रे, आता तुझं तू बघ." मला ते एक्स-रे म्हणूनच हाक मारायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला शेवटपर्यंत शंका होती.

माणूस उंचापुरा, आवाज असा की पलीकडच्या वॉर्डातला झोपलेला पेशंट उठून बसावा. मूळचे देगलूरचे, त्यामुळं बोलण्यात अध्येमध्ये 'बिलकुल' आणि 'गलत' यायचं. आणि वेड एकच, पाठीचं. त्यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीला पेशंटला उभं करायचं. "टाचा लाव. पाठ लाव. आता डोकं टेकव." ज्याचं डोकं भिंतीला टेकायचं त्याला सोडायचे. ज्याचं टेकायचं नाही, त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळून श्वास भरायला लावायचे. वर्षानुवर्षं डोकी टेकून टेकून त्या भिंतीवर करडीच्या आणि खोबऱ्याच्या तेलाचा एक लांबट पट्टा उमटला होता. खाली पोरांचा, मध्ये बायकांचा, वर पोलिसांचा.

नवा जिल्हा बघायला कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून एकदा दवाखान्याला चुना मारला. डॉक्टर सकाळी येऊन बघतात तर भिंत पांढरीफटक. रंगारी बिचारा डबा धुवत बसलेला. त्याला दंडाला धरून उभं केलं. "माझी सगळी माणसं पुसलीस की रे तू." रंगाऱ्याला वाटलं, आपल्या हातून दवाखान्यात कुणी दगावलं. थरथरायला लागला. मग डॉक्टरांनी त्यालाच भिंतीला टेकवला, टाचा, पाठ, डोकं. नव्या भिंतीवरचा पहिला डाग रंगाऱ्याच्या तेलाचा पडला.

त्यांची दुसरी खोड पहाटेची. सरकारी दवाखाना नऊला उघडतो हे त्यांना कुणी पटवू शकलं नाही. ते सहाला यायचे, मला बोलवायचे, आणि कंबरदुखीचा माणूस दुपारी आला तर त्याला हात लावायचे नाहीत. "उद्या पहाटे ये. उठल्या उठल्या ये, चूळसुद्धा भरू नकोस." आमच्या मोठ्या साहेबांनी एकदा झापलं, की पेशंटला असं परत पाठवणं बरं नव्हे. तर हे म्हणाले, "दुपारी पाहिलेला माणूस मला सांगू नका साहेब. उन्हं वर आली की अंग खोटं बोलतं." मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. लावणारच.

जे पहाटे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं हे जायचे. झुंजूमुंजू झालं की सायकल काढायची, पेशंटच्या दारात टेकवायची आणि ओट्यावर बसून तो माणूस अंथरुणातून कसा उठतो ते बघायचं. एकदा एका बाईनं अंधारात ही आकृती बघून मुसळ उचललं होतं. "कोन हाय रे?" "डॉक्टर आहे बाई." "मंग असा चोरावानी कामून बसलाव?" नंतर त्याच बाईनं चहा दिला आणि नवऱ्याला उठवलं. लग्नाकार्यातही तेच. माझ्या चुलतभावाच्या लग्नात ह्यांनी नवरदेवाला गाठून विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर धरते का?" करवल्या फिदीफिदी हसल्या, नवरदेव लालबुंद झाला, आणि मी मांडवाच्या मागच्या दारानं पसार झालो.

हे सगळं कशासाठी, ते एकदा दुपारी चहा पिताना त्यांनी मला समजावलं. आपल्या शरीराच्या पेशीपेशीवर म्हणे एक खूण असते. ती आईबापाकडून येते आणि घराघराची वेगवेगळी असते. अंगातले पहारेकरी ती खूण बघून ठरवतात, हा आपला की परका. रोगजंतू शिरला की ते आरोळी देतात, गाव गोळा होतं, मारामारी होते, त्या मारामारीची ती सूज आणि तो ताप. जंतू मेला की सगळे आपापल्या घरी जातात. "पण काही घराण्यांत," ते म्हणाले, "ती खूण जरा निराळी असते. मग एकदा उठलेलं गाव झोपतच नाही. आरोळ्या चालूच. तुमच्यातला जागल्या कसा रात्री गावाची राखण करायचा? समज, तो जागल्या आपल्याच गावकऱ्यांवर काठी चालवायला लागला."

"साहेब," मी म्हणालो, "माझा आजा जागल्याच होता. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यानं ती काठी ठेवून दिली ती पुन्हा हातात घेतली नाही. पण होती तोवर त्यानं गावातल्या कुणाला मारलं नाही. काहींना मारायला हवं होतं, ही गोष्ट वेगळी."

डॉक्टर इतके हसले की बशीतला चहा शर्टावर सांडला. मग जरा वेळानं गंभीर होऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं. दाखला गलत झाला. पहारेकऱ्याची चूक नसते. त्याला जी खूण शिकवली ती तो बघतो." आणि पुढं म्हणाले, "आणि कोण जाणे एक्स-रे, कुठल्या तरी जुन्या साथीत त्याच खुणेनं या लोकांचे पूर्वज तगवले असतील. उगाच का ती इतक्या पिढ्या टिकली?" असा माणूस. स्वतःचा मुद्दा जिंकलेला असताना पुन्हा तोच उकरून बघणारा. मला ते फार आवडायचे, पिंपातलं पाणी संपवत असले तरी.

त्या खुणेनं पाठ धरते. मणका मणक्याला चिकटत जातो, बरगड्या आखडून छाती फुगेनाशी होते, माणूस वाकत जातो. पण सुरुवातीला एवढंच, की झोपून उठलं की लाकूड, आणि हिंडलं फिरलं, काम केलं की मोकळं. आराम केला की वाढतं आणि राबलं की कमी होतं, असा हा उफराटा रोग. मुंबईत म्हणे त्या खुणेची रक्त तपासणी व्हायला लागली होती. "आपल्याकडं एकच तपासणी," डॉक्टर म्हणायचे, "बापाची पाठ बघायची."

नवा जिल्हा म्हणजे नवी पोलीस भरती. मैदानावर चारी बाजूंनी पोरं आली. दुष्काळी खेड्यांतली, गालफडं बसलेली, डोळ्यांत मात्र नुसती नोकरी. छाती मोजायला आमच्याकडून डॉक्टर मागितला तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारसुद्धा केला नाही. "टेप त्यांच्याच गळ्यात आहे," म्हणाले. आणि आकडे लिहायला म्हणून मला ओढून नेण्यात आलं.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. पोरं मैदानातच झोपलेली, कुणी जांभया देतंय, कुणी तोंड धुतंय. एकच पोरगा घामानं निथळत होता.

"धाव तर अजून व्हायचीय," डॉक्टर त्याला म्हणाले.

"सवय हाय साहेब. मी चारला उठून पळतो."

"रोज?"

"रोज."

"आणि एखाद्या दिवशी नाही पळालास तर?"

पोरगा बाहीनं तोंड पुसायला लागला. त्याचं नाव माधव.

धावण्यात तो आपल्या गटात पहिला आला. उंची बसली, वजन बसलं. मग उघड्या अंगानं टेपासमोर उभा राहिला. श्वास भरला की छाती पाच सेंटिमीटर फुगायला हवी, असा नियम. त्यानं श्वास भरला. मानेच्या शिरा टरारल्या, डोळे बाहेर आले, टेप जागचा हलेना. मागच्या रांगेतली पोरं हसायला लागली. "अय, फुगव की." डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं. असा पेशंट सापडला की एरवी त्यांचा चेहरा खुलायचा. त्या दिवशीही क्षणभर खुलला, मग त्यांनी त्या पोराच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मला आकडा सांगितला. मी लिहिला. माधव नापास झाला.

तो जाऊन लिंबाच्या झाडाखाली बसला, शर्ट हातात तसाच. डॉक्टर ती सगळी उघडीबंब रांग ताटकळत ठेवून त्याच्यामागं गेले. "उद्या पहाटे दवाखान्यात ये. पळायचं नाही. रात्री इथंच झोप आणि उठून तसाच ये. नाही आलास तर मी तुझ्या गावाला येईन." ही धमकी होती की आमंत्रण ते त्यालाही कळलं नसावं. पण आला. मैदानावर सपासप पळणारा तो पोरगा त्या पहाटे भिंत धरून आत आला. पाय उचलत नव्हता, ओढत होता.

मी फोटोच्या चिठ्ठीवर नाव घातलं. "बापाचं नाव?"

"लिव्हावंच लागतंय का?"

"लागतंय."

"किशन." थुंकी टाकावी तसं म्हणाला.

फिल्म धुऊन मी डॉक्टरांना नेऊन दिली. त्यांनी ती खिडकीला धरली. कमरेखाली दोन हाडं जुळतात तिथं एक स्वच्छ रेघ दिसायला हवी. ती ओल्या पाटीवर अंगठा फिरवल्यासारखी पुसलेली होती. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "बापाची पाठ कशी आहे?"

"माज्या बापाचं इचारू नका साहेब."

"का रे?"

"ढोंगी हाय त्यो. मी न्हाई, आख्खं गाव म्हनतंय. बहात्तरच्या दुस्काळात लोकं खडी फोडून मरायली, आन् ह्यो दीस वर येईस्तोवर पडून. दुपारून मातर चांगला. मुकादमानं डॉक्टर आनला. डॉक्टरनंच सांगितलं, ह्याला काई झालं न्हाई, ढोंग हाय म्हनून. कामावरून नाव काढलं. मायनं एकलीनं खडी फोडली." त्यानं हातानं कंबर दाबली. "मलाबी सकाळी कंबर धरतीय. लई धरतीय. पर मी पडून न्हाई ऱ्हात. मी पळतो. मी त्याच्यासारका न्हाई."

"गाव कोणतं तुझं?"

त्यानं नाव सांगितलं. मुखेडजवळचं एक लहानसं खेडं. डॉक्टरांनी फिल्म टेबलावर ठेवली. गळ्यातला टेप काढला, गुंडाळला आणि खणात टाकला. त्यांचा मोकळा गळा मी पहिल्यांदा पाहिला.

पोराला गोळ्या देऊन, उद्या ये सांगून पाठवलं. मग मला म्हणाले, "तो डॉक्टर मी."

त्यांची पहिली नोकरी मुखेडकडची. दुष्काळी कामांवर आठवड्यातून फेरी असायची, जीप इथून तिथं पळायची. त्या कामावर ते दुपारी तीनला पोचले. मुकादमानं एक माणूस पुढं केला. यांनी वाकवून बघितला, वाकला. पाय उचलून बघितले, ठीक. "आणि मी ओरडलो," ते म्हणाले. "माझा आवाज तुला माहीत आहे. याला काही झालेलं नाही, ढोंग आहे. शंभर माणसं खडी फोडत होती, सगळे हातोडे थांबले. बिलकुल थांबले. तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. आणि मी जीपमध्ये बसून मजुरांच्या मुलांना वाटायला आणलेली सुकडी खाल्ली, एक्स-रे."

पुढं दोनतीन वर्षांनी कुठल्याशा मासिकात या रोगाबद्दल वाचलं, सकाळी लाकूड आणि दुपारी मोकळा, आणि तो माणूस डोळ्यांपुढं आला. चेहरा आठवला, गाव आठवेना, एवढी कामं पालथी घातलेली. मुखेडच्या बाजूला चारदोनदा शोधूनही आले. तेव्हापासून पहाटेचं उठणं, तेव्हापासून भिंत. "इतकी डोकी टेकवली रे, पण जे टेकवायचं होतं ते येत नव्हतं." पुढं म्हणाले, "कामावर ठेवला असता तर हलता राहिला असता. घरी बसवला मी त्याला. पाठ धरली असेल ती त्यामुळंच धरली असेल."

 मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माधवला सगळं सरळ सांगितलं. तो पुढं सरकला. मला वाटलं, अंगावर जातो की काय.

"म्हंजी त्यो खरं बोलायला हुता?"

"हो."

माधव उठून बाहेर गेला. व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत येऊन म्हणाला, "मुखेडहून आमच्या गावाला मुक्कामाची गाडी हाय. सांजच्याला सुटतीय."

आम्ही तिघं गेलो. मला का नेलं, माहीत नाही. एकट्यानं जाववत नसावं. वाटेत डॉक्टर बोलत होते, पीकपाणी, कन्नड आणि तेलगू शिव्यांतला फरक, एसटीच्या स्प्रिंगा. गाव जवळ आलं तसे खिडकीबाहेर बघायला लागले.

किशनराव दारात बाजेवर बसले होते. पाठ पार कमानीसारखी झालेली, नजर जमिनीला खिळलेली. समोरच्याचा चेहरा बघायचा तर आख्खं अंग मागं टाकावं लागायचं, आणि ते त्यांनी सोडूनच दिलं होतं. "कोन आलंय रं माध्या?" माधव तसाच आत गेला. तेव्हा एवढे मोठे डॉक्टर मातीत मांडी घालून बसले, अगदी बाजेच्या पुढ्यात, किशनरावांच्या नजरेखाली. "डॉक्टर आहे. लातूरचा." किशनरावांनी त्यांना ओळखलं का, ते कळलं नाही. "च्या करा," एवढंच ते आत बघून म्हणाले. कशासाठी आलोय ते त्या संध्याकाळी डॉक्टरांनी काढलं नाही. अंगणात अंथरुणं पडली. झोपताना त्यांनी माधवला एकच गोष्ट बजावली, "उद्या पळायचं नाही."

पहाटे मी जागा झालो तो डॉक्टर अंथरुणावर बसलेले. समोर किशनराव उठत होते. आधी कुशीवर, मग हात गुडघ्यावर, मग खांब धरून. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला माधव उठत होता. आधी कुशीवर, मग हात गुडघ्यावर, मग भिंत धरून. त्याची आई केरसुणी हातात घेऊन मधे उभी, कुणाकडं बघावं ते तिला कळेना. माधव पाय ओढत रांजणाकडं निघाला. किशनरावांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, पाय दिसत होते.

"माध्या. तुजे पाय असे कामून पडायलेत?"

"तुमच्यासारकेच पडायलेत."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाली."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

माधवनं तांब्या रांजणात बुडवला आणि तसाच धरून उभा राहिला. मला तिथं बसवेना. मी उठून गल्लीत गेलो.

पहिली गाडी सुटायला अजून वेळ होता. पारापाशी एसटी उभी, भोवती मुखेडच्या बाजाराला निघालेली माणसं, टोपल्या, एक शेळी. किशनरावही आले, काठी टेकत, बायकोच्या आधारानं. डॉक्टर एसटीच्या पायरीवर चढले आणि आपल्या त्या आवाजात बोलायला लागले. म्हणाले, बहात्तर साली तुमच्या कामावर येऊन या माणसाला ढोंगी म्हणणारा डॉक्टर मी. माझं चुकलं. मी दुपारी बघितलं, पहाटे बघायला हवं होतं. याला तेव्हाही रोग होता, आजही आहे, आणि हा तेव्हाही खरं बोलत होता. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो होतो, म्हणून आजही तसंच बोलतोय.

 मग एक म्हातारा म्हणाला, "साहेब, म्हातारं आता वाकलं म्हनून तुमी आसं म्हनायलाव. वाकलेल्या मानसाला कुनीबी आजारी म्हनंल. तवाचं कशावरून?"

डॉक्टर अडखळले. मला कळलं का अडखळले ते. पुरावा त्यांच्या शेजारीच उभा होता, पण तो बोलून दाखवला तर त्याच्या लग्नाचं, नोकरीचं, सगळ्याचंच होत्याचं नव्हतं होणार. 

"माज्यावरून," माधव म्हणाला. तो पुढं आला. अजून मोकळा झालेला नव्हता, सगळ्यांना दिसत होतं. "मला त्योच रोग हाय. सकाळी उटता येत न्हाई. म्हनून मी चारला उटून पळायचो, तुमाला दिसू नये म्हनून. तुमी म्हनायचे, पोरगं बापावर न्हाई गेलं. गेलंय. म्हातारं तवा खरं बोलायलं हुतं."

"म्हंजी पोरातबी उतरला म्हना की," कुणीतरी मागून पुटपुटलं.

"खूण उतरते," डॉक्टर आता गरजलेच. "रोग उतरतोच असं नाही. तीच खूण घेऊन कितीतरी माणसं जन्मभर ठणठणीत असतात. तुमच्यातही असतील. आणि याची पाठ मी वाकू देणार नाही."

ते शब्द हवेत होते तोच किशनरावांनी काठीवर भार टाकून अंग मागं टाकलं, जमेल तेवढं, डॉक्टरांचा चेहरा दिसेपर्यंत. "साहेब," ते म्हणाले, "लई दीस सगळे म्हनायले, तवा मलाबी तसंच वाटायलं हुतं. मीच ढोंगी आसंन."

डॉक्टर पायरीवरून उतरले, किशनरावांचे हात हातात धरले आणि नुसते उभे राहिले. कंडक्टरनं घंटी दोनदा वाजवली तेव्हा मी त्यांना दंडाला धरून आत चढवलं.

माधव आमच्याबरोबर परत येणार होता. त्याची पिशवी माझ्या हातात होती. त्यानं खिडकीतून ती मागून घेतली. "आठ दिसांनी येतो साहेब, पहाटंच्याला," म्हणाला.

गाडी हलली. डॉक्टर आतल्या बाजूला बसले होते, चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होते, पुसणं काही संपत नव्हतं.

"काय दिसतंय, एक्स-रे?"

मी मागं वळून बघितलं. "चालले आहेत घराकडं. म्हातारा आणि माधव."

"कसे?"

"हळूहळू. दोघं एकसारखेच."

डॉक्टरांनी मान हलवली आणि चष्मा डोळ्यावर चढवला.